डोळ्यांची इंग्रजी आणि कानांची इंग्रजी

इंग्रजी भाषेला वाघिणीचें दूध म्हणण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. हें दूध आम्ही इयत्ता पांचवीपासून प्यालों, आणि पुढें मास्तरकी पत्करल्यावर ३२ वर्षें एका मराठी शाळेंत तेंच इतरांस पाजलें. परंतु ती वाघीण आपल्या रानांत गुरगुरते कशी, हें आमच्या कानांनीं साठी उलटेपर्यंत ऐकलें नव्हतें. ऐकलें तेव्हां आमची जी फजिती झाली, आणि त्या फजितींतून जें थोडेंबहुत शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

आम्हांस इंग्रजी येत नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. भाषांतर-पाठमालेचे धडे आम्हांस तोंडपाठ होते. वाक्याचा प्रयोग बदलून द्यावा, शब्दांचें व्याकरण चालवावें, कोणत्या क्रियापदापुढें कोणतें अव्यय येतें तें बिनचूक सांगावें, याबद्दल आमचा तालुक्यांत थोडा लौकिकहि होता. श्रुतलेखनाच्या तासाला आम्ही वर्गांत येरझारा घालीत, एकेक इंग्रजी शब्द सुटा सुटा करून, तीन तीनदां, खणखणीत आवाजांत उच्चारीत असूं. मुलें तो अचूक लिहीत. त्यांना इंग्रजी ऐकूं येते असें आम्ही समजत होतों, आणि आम्हांस ती बोलतां येते असें तीं समजत होतीं.

सन २०२३ च्या एप्रिलमध्यें आम्ही उभयतां मुलाकडे लीड्स येथें गेलों. लीड्स हें उत्तर इंग्लंडांतील यॉर्कशायर प्रांतांतलें मोठें शहर. विमानतळावरील अधिकाऱ्याशीं बोलणें ठीक झालें, कारण तो दिवसभर आमच्यासारख्यांशींच बोलणारा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं रस्त्यावर सुरू झाली. तिकडे 'बस'चें 'बुस' होतें, 'लव्ह'चें 'लुव्ह' होतें, शब्दारंभींचा हकार सर्रास गाळतात, आणि 'द' हें उपपद तर कित्येकदां घशांतल्या एका लहानशा अडखळीपुरतेंच उरतें. एका दुकानदारानें दुकान 'नाइन व्हाइल फाइव्ह' उघडें असतें असें सांगितलें. त्या बाजूस 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत', हें आम्हांस कोणी शिकविलें नव्हतें आणि आम्हीं कोणास शिकविलें नव्हतें. बस चालविणाऱ्या बाईनें 'यॉल्राइट, लुव्ह?' असें विचारलें, तेव्हां आम्हीं आपल्या गुडघ्याच्या दुखण्याची हकीकत सांगावयास आरंभ केला. तो नुसता रामराम होता, हें मागाहून कळलें.

घराशेजारीं एक वृद्ध बाई एकट्याच राहत. सकाळीं त्या आपल्या तपकिरी कुत्र्याला फिरावयास नेत, आणि आम्ही कुंपणाजवळ उभे असलों म्हणजे थांबून चार शब्द बोलत. त्यांतला एखादा आम्हांस कळे. उरलेल्या तिहींना आम्ही हंसून 'येस, येस' किंवा 'व्हेरी गुड' म्हणत असूं. एवढ्यावर आमचा शेजारधर्म तीन आठवडे सुरळीत चालला. एके दिवशीं त्या नेहमीपेक्षां उशिरां आल्या, कुंपणाशीं उभ्या राहिल्या आणि एकच लहानसें वाक्य बोलल्या. आमच्या कानांवर आलें तें असें: 'आट्टॅविम्पुडाउन.' आम्हीं नेहमीप्रमाणें हास्य केलें आणि म्हटलें, 'व्हेरी गुड! व्हेरी गुड!' बाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या आणि कांहीं न बोलतां घरांत निघून गेल्या.

आमच्या पत्नीला इंग्रजीचा गंध बेताचाच. ती दारांतून हें पाहत होती. 'अहो, काय बोललांत तुम्ही त्यांना?' ती म्हणाली. 'त्यांच्या हातांत नुसता पट्टा होता. कुत्रा कुठें होता?'

संध्याकाळीं मुलगा आल्यावर त्याला तें वाक्य जसें ऐकलें तसें म्हणून दाखविलें. तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, 'बाबा, त्या म्हणाल्या, आय हॅड टु हॅव हिम पुट डाउन. म्हणजे कुत्र्याला डॉक्टरांकडे नेऊन सुईनें मरण द्यावें लागलें.'

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. एका एकट्या बाईनें आपलें दुःख सांगण्यासाठीं आमचें कुंपण निवडलें, आणि ३२ वर्षें इंग्रजी शिकविलेल्या माणसानें त्यावर 'फार छान' असा शेरा मारला!

मनाची तळमळ थोडी कमी झाल्यावर मास्तरकीच्या संवयीनें आम्हीं तें वाक्य कागदावर लिहून पुढ्यांत घेतलें. सात शब्द. त्यांतला एकहि असा नाहीं कीं जो आम्हीं पांचवी-सहावींत शिकविला नाहीं. 'पुट डाउन' या जोडीचा हा अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता हें खरें. पण अर्थाचा प्रश्न येण्यापूर्वींच शब्द हरवले होते. ते ऐकूं आले असते तर निदान त्यांचा अर्थ विचारतां तरी आला असता.

मराठी बोलतांना आपण बहुतेक प्रत्येक अक्षराला त्याचा वांटा देतों. इंग्रजी बोलण्यांत असा समान न्याय नाहीं. वाक्यांतील दोन-तीन अक्षरांवर सारा जोर पडतो, आणि मधलीं अक्षरें त्या जोरांच्या सांदींत सांपडून चेंगरतात. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९४५ सालीं भाषांचे असे दोन वर्ग सांगितले: कांहीं आघातांच्या तालावर चालणाऱ्या, कांहीं अक्षरांच्या. पुढें यंत्रांनीं मोजमाप झालें तेव्हां हा ताल घड्याळासारखा काटेकोर नसतो असें दिसून आलें; तरी चेंगरलेल्या अक्षरांची गोष्ट खरीच आहे. 'टु'चा नुसता 'ट' उरतो, 'हॅव'चें 'अव्' होतें, 'हिम'चें 'इम्'. मुलाच्या लंडनकडील एका स्नेह्याच्या तोंडून 'कप ऑफ टी' हे तीन शब्द आम्हांस प्रथम 'कपटी' असे ऐकूं आले, तेव्हां हा सज्जन आमच्याच घरीं बसून आम्हांस असें कां म्हणतो, याचा उलगडा होईना.

या शोधांत आम्हांस साहाय्य झालें तें अगदीं अनपेक्षित ठिकाणाहून. लहानपणीं संस्कृतांतले संधि घोकले होते: तत् आणि च मिळून तच्च, उत् आणि ज्वल मिळून उज्ज्वल. इंग्रजांच्या तोंडीं 'डिड यू'चें 'डिज्यू' आणि 'डोंट यू'चें 'डोंच्यू' होतें, तें याच जातीचें. अनुस्वाराच्या जागीं पुढील अक्षराच्या वर्गाचें अनुनासिक येतें, हा परसवर्णाचा नियम. 'टेन पाउंड्स'मधला न् पुढच्या पकारामुळें म् होतो आणि 'टेन कप्स'मधला ककारामुळें ङ् होतो, हा त्याच नियमाचा भाऊ. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रज्ञांनीं तर 'संधि' हा शब्दच संस्कृतांतून उचलून आपल्या शास्त्रांत रूढ केला आहे. भेद इतकाच कीं संस्कृत आपले संधि कागदावर लिहून दाखवितें. इंग्रजी ते तोंडांतल्या तोंडांत करते, आणि कागदावर सारे शब्द सुटे ठेवून साळसूदपणाचा आव आणते. डोळ्यांनीं भाषा शिकलेला मनुष्य येथें फसतो.

आपल्या भाषेंतहि हेंच चालतें, पण तें आपणांस जाणवत नाहीं. 'काय करतो आहेस' हें पुस्तकांत. घरांत 'काय करतोयस'. 'आलों आहें' याचें बोलतांना 'आलोय' होतें. पुस्तकावरून मराठी शिकलेला एखादा परदेशी मनुष्य पुण्यास उतरला तर त्याचीहि आमच्यासारखीच गत होईल, आणि आपण त्याला साळसूदपणें विचारूं, 'आम्ही कुठें भरभर बोलतों?'

रोग कळला, आतां औषध. प्रथम आम्हांस वाटलें, सावकाश बोललेली इंग्रजी ऐकावी. आमच्या तरुणपणीं व्हॉइस ऑफ अमेरिकेचा असा एक कार्यक्रम लघुलहरींवर लागत असे. तो १९५९ सालीं सुरू झाला होता. सुमारें १५०० शब्दांचा मूळ संग्रह धरून, नेहमीच्या बोलण्याच्या दोन तृतीयांश गतीनें त्यांत बातम्या सांगत. आरंभीं शिकणाऱ्यास त्याचा उपयोग होई यांत शंका नाहीं. आम्हांस तो सगळा कळे, आणि तेथेंच आमचा घात झाला. पिंजऱ्यांतली वाघीण पाहून रानांतली ओळखतां येत नाहीं. सावकाश बोलण्यांत शब्द पुन्हां सुटे होतात. म्हणजे जें शिकावयाचें तेंच निघून जातें.

मग आम्हीं श्रुतलेखनाचाच मार्ग धरला. मात्र आतां विद्यार्थी आम्ही. बी.बी.सी.चे 'सिक्स मिनिट इंग्लिश' नांवाचे संभाषणपाठ छापील संहितेसह मिळतात. त्यांतलें एक मिनिट घ्यावयाचें, तीनदां ऐकावयाचें, ऐकूं येईल तेवढें लिहावयाचें, न येईल तेथें रिकामी जागा सोडावयाची. आणि मगच संहिता उघडून तांबड्या शाईनें आपली वही आपणच तपासावयाची. पहिल्या आठवड्यांतील वही पाहून आम्हांस आमचीच कींव आली. मौज अशी कीं मोठे, अवघड शब्द आम्हीं बहुतेक पकडले होते. तांबडी शाई पडली ती सारी 'अ', 'ऑफ', 'टु', 'हॅव', 'देम' यांच्यावर. चुकलेलें वाक्य मग त्याच गतीनें, त्याच हेलांत मोठ्यानें म्हणावयाचें. जो संधि आपल्या जिभेनें एकदां केला, तो कान पुन्हां सहसा सोडीत नाहीं. हा पाठ आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांकडून कधींच करवून घेतला नव्हता. त्यांच्यापैकीं कित्येक पुढें मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत गेले. तेथें पहिल्या दिवशीं त्यांच्या कानांचें काय झालें असेल, हा विचार आतां वारंवार मनांत येतो.

दोन महिन्यांनीं आम्ही 'द आर्चर्स'कडे वळलों. १९५१ पासून चालू असलेली ही शेतकरी कुटुंबांची नभोनाट्यमाला. तींत गाईगुरें, पाऊस, भाऊबंदकी, सर्व आमच्या परिचयाचें. विषय ओळखीचा असला म्हणजे कानाला पुढचा शब्द अंदाजानें हेरतां येतो. चित्रपट पाहतांना खालीं उमटणाऱ्या अक्षरांचा मोह मात्र सूनबाईंनीं आम्हांस सोडावयास लावला. अक्षरें दिसूं लागलीं कीं डोळे कानाचें काम परस्पर उरकून टाकतात, आणि कानाला आपणच ऐकलें असा भ्रम होतो. तीं पाहावींत, पण दुसऱ्या खेपेस.

परंतु या सर्व खटाटोपाहून कठीण होतें तें 'येस' सोडणें. न कळलेल्या वाक्याला मान डोलावण्याची ही चाल आम्हांस वर्गांतूनच परिचयाची होती. फरक एवढाच कीं तेव्हां मान मुलें डोलावीत आणि आम्ही समाधान पावत असूं. 'माफ करा, पुन्हां सांगतां का?' हें इंग्रजींत म्हणावयास पहिल्या दिवशीं आम्हांस जितके श्रम पडले, तितके बी.ए.च्या परीक्षेसहि पडले नसतील. त्यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. नुसतें 'पुन्हां सांगा' म्हटलें तर लोक तेंच वाक्य तितक्याच घाईनें, फक्त मोठ्यानें, सांगतात. जेवढें कळलें तेवढें आपण म्हणून दाखवावें आणि धागा जेथें तुटला तेथें बोट ठेवावें, म्हणजे सांगणाराहि नेमका तेथेंच सावकाश होतो.

शेजारच्या बाईंकडे आम्ही दुसऱ्याच दिवशीं गेलों होतों. क्षमा मागण्याचें व्याकरणशुद्ध वाक्य रात्रभर जुळवून ठेवलें होतें, तें म्हटलें. त्यावर त्या कांहीं तरी बोलल्या. आम्हांस तें कळलें नाहीं, आणि कळलें नाहीं असें आम्हीं त्या देशांत प्रथमच कबूल केलें. त्यांनीं आमच्या पत्नीचा हात क्षणभर हातांत घेतला. त्या दोघींना दुभाष्याची गरज पडली नाहीं.

सप्टेंबरांत आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं आम्हांस चहाला बोलाविलें आणि कुत्र्याची सारी गोष्ट सांगितली: तो कोणाकडून आणला, लहानपणीं त्यानें काय काय फाडलें, यजमान वारल्यानंतर तो दाराशीं कसा बसून राही. आम्हीं त्यांना चारदां थांबविलें. त्या चारहि वेळां थांबल्या, आणि एकदांहि त्रासल्या नाहींत. इतके महिने ज्या कुत्र्याला आम्ही 'ॲरी' समजत होतों त्याचें नांव 'हॅरी' होतें, हें त्या दिवशीं त्याच्या गळपट्टीवरील अक्षरांवरून कळलें. गोष्टीचा तिसरा हिस्सा तरी आमच्या हातून निसटलाच असेल. शेवटीं त्यांचा आवाज खालीं आला, आणि तेंच वाक्य त्या पुन्हां एकदां, तशाच घाईनें बोलल्या. या खेपेस त्यांतले सातहि शब्द आम्हांस ऐकूं आले. आम्ही कांहीं बोललों नाहीं.