‘बिहेव्ह’चा अर्धा अर्थ

वर्गात गोंगाट झाला की मराठी असो वा उर्दू, शिक्षकाच्या तोंडून ‘बिहेव्ह!’ निघते. मुले हाताची घडी घालतात. आपल्या शाळांत या शब्दाचा अर्थ एवढाच उरला आहे: गप्प बसा.

‘बी’ आणि ‘हॅव’ मिळून हा शब्द तयार झाला. स्वतःला सांभाळणे, हा मूळ अर्थ. म्हणूनच ‘बिहेव्ह युवरसेल्फ’ म्हणतात. मराठीत नुसते ‘वाग’ म्हटले तर वाक्य अपुरे वाटते. ‘नीट वाग’ म्हणावे लागते. इंग्रजीत ‘बिहेव्ह’ एकटा आला की त्यात ‘नीट’ धरलेलेच असते. पुढे ‘बॅडली’ जोडले, तरच वाईट वागणे.

पण मराठीजवळ एक जास्तीचा शब्द आहे. ‘वागणे’ माझे असते, ‘वागवणे’ दुसऱ्याला असते. उर्दूतला ‘बरताव’ आणि मराठीतले ‘वर्तन’ एकाच संस्कृत धातूचे. ‘सुलूक’ मात्र अरबीतून आला. त्यात वाटेने चालणे आहे आणि दुसऱ्याशी कसे वागतो तेही आहे.

हा फरक मला एका घरमालकाने समजावला. भाड्याची खोली पाहायला गेलो होतो. त्यांनी बसवले, पाणी दिले, ‘सर’ म्हटले. नाव सांगितले आणि खोली ‘कालच दिलेली’ निघाली. त्यांच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. वागवण्यात होती.

आपल्या घरांतही हेच चालते. सून नीट वागते का, हे सगळे विचारतात. तिला कसे वागवले जाते, हे कोण विचारतो? मोलकरणीचा कप वेगळा ठेवणाऱ्या घरातही मुलांना ‘अदब’ शिकवतातच.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. आम्ही बहुतेकांना ‘चांगली’ लिहितो. त्यातून मूल त्रास देत नव्हते एवढे कळते. शेजारच्या बाकावरच्या मुलाशी ते कसे होते, हे कळत नाही.

आपल्या वर्ध्यातच १९३७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नयी तालीमची योजना आखण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे आले. हाताचे काम त्या शिक्षणाच्या मध्यभागी होते. मला त्यात वागणुकीचाही धडा दिसतो. एकत्र सूत कातताना, वाफा खणताना दुसऱ्याशी संबंध येतोच. हाताची घडी घालून बसलेल्या मुलाचा तो येत नाही.

म्हणून भांडण झाले की मी मुलांना ‘कसा वागलास?’ विचारत नाही. ‘त्याला कसे वागवलेस?’ विचारतो. उत्तर यायला वेळ लागतो. कारण आधी त्या दुसऱ्याकडे बघावे लागते.