मामूंची कॉन्टेसा

गेल्या महिन्यात भाचा घरी आला. मोबाइलवर जुन्या कॉन्टेसाचा फोटो दाखवत म्हणाला, "खाला, ही घेतोय. हिच्यात मोठं इंजिन टाकणार." मी चहाचा कप खाली ठेवला. हा प्रयोग आमच्या घरात एकदा होऊन गेलाय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कॉन्टेसा हिंदुस्तान मोटर्सने १९८४ च्या सुमारास आणली. मूळ घडण इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची. दिसायला सिनेमातल्या व्हिलनची गाडी, पण बॉनेटखाली अँबेसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम पन्नास हॉर्सपॉवर. पुढे कंपनीनेच त्यात जपानच्या इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन बसवलं.

आमचे मामू नगरचे मिस्त्री. त्यांच्याकडे पहिल्या इंजिनाची कॉन्टेसा होती. १९९६ साली त्यांनी भंगारातून एका छोट्या ट्रकचं डिझेल इंजिन आणलं. "कंपनी करती तो अपन कायको नहीं?" असं म्हणत पंधरा दिवस घण, वेल्डिंग, नवे माउंटिंग. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट. मोहल्ल्यात मामूंची छाती फुगलेली.

मग पाथर्डीचं एक लग्न आलं. मी पंधरा-सोळा वर्षांची, मागच्या सीटवर भावंडांसोबत दाटीवाटीने बसलेली. करंजी घाटाच्या उतारावर मामूंनी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी मात्र सरळच निघाली. नाकावर एवढं वजन, त्यात ब्रेक दाबल्याने ते आणखी पुढे आलेलं. पुढच्या टायरांनी वळावं की थांबावं? दोन्ही कामं त्यांना जमेनात. कठड्याला घासत गाडी थांबली. मामींच्या बांगड्या फुटल्या, बाकी कुणाला खरचटलंही नाही. मामी उतरल्या आणि म्हणाल्या, "मैं पैदल जाती."

उर्दू शिकवताना शायरीतलं 'वज़न' सांगावं लागतं. एक शब्द जड झाला की अख्खा मिसरा ढासळतो. प्रत्येक वर्गात मला तो घाट आठवतो, मुलांना काही सांगत नाही.

कंपनी नुसतं इंजिन बदलत नव्हती. सोबत पाच गिअरचा बॉक्स दिला होता. मामूंनी स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या होत्या, ब्रेकही जुनेच. नंतर त्यांनी जाड स्प्रिंगा टाकल्या, बॅटरी डिक्कीत नेली, टायर रुंद घेतले. इंजिनापेक्षा जास्त पैसे त्यातच गेले. नव्या गाड्यांची चाचणी आपल्याच नगरात व्हीआरडीईत होते, मामूंच्या गाडीची करंजी घाटाने घेतली. शेवटी एका रात्री गॅरेजचं शटर आतून ओढून त्यांनी जुनं इंजिन परत बसवलं. गिऱ्हाइकांनी पाहू नये म्हणून. कंदील धरायला मी होते. ते एक शब्द बोलले नाहीत.

भाच्याला मी कायदाही सांगितला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. त्याने मान हलवली. मग हळूच विचारलं, "खाला, नानांनी इंजिन मागे किती सरकवलं होतं?"

"त्यांनाच विचार."

रविवारी जातोय म्हणाला. मीही सोबत जाणार आहे. त्या रात्रीबद्दल मामूंशी मी आजवर बोललेले नाही.