आमचा नवा वाटाड्या

आमच्या सोलापुरांत सात रस्ता नांवाचा एक चौक आहे. परगांवचा मनुष्य तेथें उभा राहून वाट विचारूं लागला, म्हणजे तिघेजण तीन दिशांस हात करितात. आणि मौज अशी कीं, कोणत्याहि वाटेनें गेला तरी तो बिचारा शेवटीं इष्ट स्थळीं पोहोंचतो! अशा गांवांत जन्म गेल्यामुळें वाट चुकणें म्हणजे काय, हें साठी उलटेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हतें. तुळजापूर सुमारें ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर ७५. देवदर्शन, लग्न, मुंज आणि बारसें यांपलीकडे आमच्या मोटारीची धांव क्वचित् जात असे. शिवाय गाडी चालवितांना आमच्या डाव्या हातास नाना बसलेले असत.

नाना म्हणजे आमचे वडील. वय ८६. जिल्हा परिषदेच्या शिक्षणखात्यांत शाळा तपासण्याच्या कामीं त्यांची तीस वर्षें गेलीं. आरंभीं सायकलवर, मागाहून एस. टी.नें. त्यामुळें जिल्ह्याचा नकाशा त्यांच्या डोक्यांत नव्हे, पायांत आहे. "त्या कडुनिंबाशीं उजवीकडे घे, पुढें विहीर लागेल, विहिरीस वळसा घाल," असें ते सांगत आणि आम्ही मुकाट्यानें चाक फिरवीत असूं. घरांत इतकीं माणसें, परंतु पुढची ती जागा नानांची, हा अलिखित नियम होता.

गेल्या वर्षीं भाद्रपदांत एके रात्रीं पुण्याहून आक्काचा फोन आला. मेहुण्यांच्या छातींत कळ येऊन त्यांस इस्पितळांत नेलें होतें. नानांस रात्रीचा प्रवास सोसत नाहीं, म्हणून आम्ही व सौ. दोघेंच निघालों. अडीचशे किलोमीटरांचा हमरस्ता सरळ. त्यावर चुकावयाचें म्हटलें तरी चुकतां येत नाहीं. परंतु पुणें आलें आणि आमची दाणादाण उडाली. समोर उड्डाणपूल, त्यावर चढावयाचें कीं त्याच्या बगलेनें जावयाचें, याचा निर्णय करण्यास क्षणाचाहि अवधि नाहीं. चढलों, तों इस्पितळ खालीं राहिलें. उतरलों, तों भलत्याच पेठेंत. दोनदां वाट विचारली. तिसऱ्यांदा विचारावयाची लाज वाटली. "अहो, कुणाला तरी विचारा ना," असें सौ. काकुळतीनें सांगत होती आणि आम्ही "आतां येईलच" असें म्हणत त्याच चौकांत पुनः पुनः येत होतों. खिशांत फोन होता. त्यांत नकाशा असतो हें ऐकून माहीत होतें. तो उघडावा कसा, हें माहीत नव्हतें.

सव्वा तास असा गेला. आम्ही पोहोंचलों तेव्हां मेहुण्यांस आंत नेलें होतें. संमतिपत्रावर आक्कानें एकटीनें सही केली होती आणि ती बाहेरच्या बांकावर एकटीच बसली होती. तिनें आम्हांस एक शब्दहि लावला नाहीं. "आलास? बस," एवढेंच म्हणाली. ईश्वरकृपेनें मेहुणे सुखरूप घरीं आले. परंतु तो सव्वा तास आमच्या मनांतून गेला नाहीं. वाट दाखविणारें कांहीं तरी यंत्र घ्यावयाचेंच, असा निश्चय आम्हीं परततांना केला.

निश्चय करणें सोपें. यंत्र निवडणें कठीण. मोटारसामानाच्या तीन दुकानांत गेलों आणि तिन्ही ठिकाणीं आमच्या अज्ञानाचें प्रदर्शन करून आलों. आमची प्रामाणिक समजूत अशी होती कीं, आकाशांतील उपग्रह आमच्या मोटारीकडे टक लावून पाहत असतो आणि वळण आलें कीं वरून सांगतो. हें ऐकून आमचा इंजिनीयर पुतण्या पोट धरधरून हंसला. मग त्यानें एक संध्याकाळ खर्चून आमची शिकवणी घेतली. ती आमच्यासारख्या इतर नवशिक्यांच्या उपयोगीं पडेल, म्हणून तिचें सार येथें देतों.

उपग्रहास आमची वार्ताहि नसते. ज्यास जी. पी. एस. म्हणतात ती योजना अमेरिकेंत १९७३ सालीं हातीं घेण्यांत आली, तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्यें आकाशांत गेला आणि १९९५ मध्यें ती सर्वांगांनीं पुरी झाली. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह अणुघड्याळ जवळ बाळगतात आणि "मी येथें आहें, आतां इतके वाजले" अशी अखंड दवंडी पिटतात. खालचें यंत्र ती नुसती ऐकतें. दवंडी येण्यास किती वेळ लागला यावरून तें अंतर काढतें, आणि निदान चार उपग्रहांचीं अंतरें मिळालीं म्हणजे आपली जागा ठरवितें. घड्याळांत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी जागा तीनशे मीटरांनीं हुकते! २ मे २००० पर्यंत तर सामान्य जनांस मिळणाऱ्या या संदेशांत अमेरिकन सरकार बुद्ध्याच चूक मिसळीत असे. पुढें भारतानेंहि या विद्येंत आपलें घर बांधिलें. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सुटला आणि २०१६ मध्यें त्या सगळ्या रचनेस 'नाविक' हें गोड नांव मिळालें.

तात्पर्य, आकाशांतून कळतें तें इतकेंच कीं, तुम्ही कोठें आहां. कोठें व कसें जावें हें नकाशा सांगतो. आणि नकाशा माणसांनींच केलेला असतो. लॅम्ब्टन नांवाच्या इंग्रजानें १८०२ सालीं मद्रासेस या देशाची मोजणी आरंभिली आणि तेंच काम करितां करितां १८२३ मध्यें आपल्या हिंगणघाटास देह ठेविला. तेव्हां सांखळ्या ओढीत माणसें चालत होतीं. आतां तीं मोटारींतून व विमानांतून मोजणी करितात, एवढाच भेद. घरांतील पंचांगाप्रमाणें नकाशाहि जुना होतो. "म्हणून, काका, यंत्रापेक्षां त्यांतला नकाशा ताजा राहील कीं नाहीं, हें आधीं विचारा," असें पुतण्यानें बजाविलें. दुकानदारांपैकीं एकानेंहि आम्हांस हें सांगितलें नव्हतें.

यंत्रांचे प्रकार तीन निघाले. पहिला, कांचेस चिकटविण्याचें स्वतंत्र यंत्र. नकाशा त्याच्या पोटांतच असल्यानें फोनची रेंज गेली तरी तें अडत नाहीं. परंतु नकाशा नवा करण्याची खटपट आपणच करावयाची. दुसरा, आपलाच फोन एका पकडींत बसविणें. हा सर्वांत स्वस्त. नकाशा ताजा, रस्त्यांतील खोळंबाहि कळतो. आणि निघण्यापूर्वीं घरींच नकाशा उतरवून ठेवला, तर रेंजवांचूनहि चालतो. परंतु सोलापूरचा वैशाख ज्यानें पाहिला आहे, त्यास कांचेमागें तापत ठेवलेल्या फोनचें काय होतें, हें सांगावयास नको. शिवाय अक्षरें मुंगीएवढीं. तिसरा प्रकार, गाडीच्या पुढच्या फळींत बसविण्याचा पडदा. फोनमधला नकाशा त्यावर मोठा दिसतो आणि फोन सांवलींत राहतो. येथें मात्र गाडीच्या तारा कापून जोडल्यास कंपनीच्या हमीस बाध येण्याचा संभव असतो. तेव्हां गाडी नवी असल्यास आधीं चौकशी करावी. आमची गाडी हमीच्या वयापलीकडे गेलेली असल्यानें ती चिंता नव्हती. आणि कायदाहि ध्यानांत ठेवावा. चालकानें चालत्या गाडींत फोन हातांत धरून बोलणें हा गुन्हा आहे. २०२० च्या नियमांनीं केवळ वाट पाहण्यापुरती मोकळीक दिली आहे, तीहि चालकाचें लक्ष विचलित होणार नाहीं अशा बेतानें.

धाकट्या बंधूंचें मत फोनच्या पकडीस पडलें, "शंभर रुपयांत काम होतें तेथें हजार कां?" हा त्यांचा जन्मसिद्ध प्रश्न. आम्हीं चष्म्याच्या दोन्ही कांचांस स्मरून पडदा घेतला. त्यावरील गांवांचीं नांवें देवनागरींत दिसतात आणि त्यांतील बाई मराठींत बोलते, हें पाहून घरांतील स्त्रियांनींहि आमचाच पक्ष उचलून धरिला.

पहिल्या दिवशीं आम्हीं मोठ्या दिमाखानें 'वडाळा' असें लिहिलें. बार्शीच्या रस्त्यावर आमच्या तालुक्यांतच वडाळा आहे. तेथें एका स्नेह्यांकडे जेवणास जावयाचें होतें. बाईनें शांतपणें चारशे किलोमीटरांचा हिशेब मांडला आणि आम्हांस मुंबईच्या वडाळ्यास न्यावयास ती सिद्ध झाली! मुलें टाळ्या पिटूं लागलीं. तेव्हांपासून गांवाच्या नांवापुढें तालुका लिहिण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला आहे.

या हंशांत नाना नव्हते. त्या दिवशीं ते न बोलतां मागच्या बैठकीवर जाऊन बसले. "पुढें सूनबाईला बसूं दे. वाट सांगावयास आतां ती बाई आहे," एवढेंच म्हणाले. आम्हांस तो विनोद वाटला. पुढें अक्कलकोटास गेलों, पंढरपुरास गेलों, नाना मागेंच. वाटेंत एक अक्षर नाहीं. एके रात्रीं सौ. म्हणाली, "नाना गाडींत बोलत नाहींत, हें तुमच्या ध्यानांत आलें का?" खरें सांगावयाचें तर आलें नव्हतें. बाईचें बोलणें नीट ऐकूं यावें म्हणून गाडींतील शांतता आम्हांस उलट सोयीचीच वाटत होती.

त्या रात्रीं वाटाड्या या शब्दाविषयीं आम्ही विचार करीत पडलों. पूर्वीं परगांवच्या मनुष्यास वाट दाखवीत पुढच्या गांवापर्यंत पोहोंचविण्याचें काम गांवोगांवच्या महारांवर वतन म्हणून लादलेलें होतें. ऊन असो, पाऊस असो, हांक आली कीं निघावयाचें. या वतनाचा जाच दूर व्हावा म्हणून डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत विधेयक आणिलें. वतनें प्रत्यक्ष गेलीं तीं १९५८ च्या कायद्यानें. ज्यानें वाट दाखविली त्याचें नांव विचारावें, असें त्या काळीं किती प्रवाशांस वाटलें असेल? ती सक्ति होती. नानांची माया होती. दोहोंची तुलना करणें योग्य नव्हे. परंतु वाट दाखविणाऱ्यास गृहीत धरण्याची प्रवाशाची जी जुनी खोड, ती आमच्याहि अंगीं पुरती मुरली होती. चाळीस वर्षें त्यांनीं वाट सांगितली आणि आम्हीं एकदांहि आभार मानले नाहींत. आणि बदली मनुष्य मिळतांच त्यांस मागें बसूं दिलें.

आश्विनांत मेहुण्यांस भेटावयास सगळींच निघालों. आम्हीं गाडीचें पुढचें दार उघडून धरिलें आणि म्हटलें, "नाना, पडद्यावरचीं अक्षरें आम्हांस गाडी चालवितांना वाचतां येत नाहींत. आपण पुढें बसाल तर बरें." हें अर्धें खरें होतें. त्यांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें आणि ते बसले.

मोहोळ मागें टाकल्यावर पुढें गाड्यांची लांबच लांब रांग लागली. बाई म्हणाली, डावीकडे वळा. वाट अरुंद, गांवांतून जाणारी. नाना पडद्याजवळ वांकून नांवें वाचूं लागले आणि एकदम म्हणाले, "अरे, या वाटेनें जाऊं नकोस. पुढें ओढा आहे. फरशीवरून पाणी वाहतें. पावसांत मी तेथें एकदां दोन तास अडकलों होतों." पाऊस आदल्या रात्रीं पडलाच होता. एका कानांत बाई, दुसऱ्या कानांत वडील! आम्हीं गाडी थांबविली. तेव्हां नानांनींच कांच खालीं केली आणि चहाच्या टपरीवरील एका तरुणास हांक मारली, "बाळ, ओढ्यावरची फरशी चालूं आहे का रे?" तो म्हणाला, "आजोबा, फरशी कधींच गेली. मोठा पूल झालाय तिथं. बिनघोर जावा."

आम्ही वळलों. पूल खरोखरच भक्कम होता. खालून ओढा गढूळ पाण्यानें भरून चालला होता. नाना थोडा वेळ गप्प होते. मग हंसून म्हणाले, "माझाहि नकाशा तीस वर्षांचा जुना झाला रे." त्यांत खेद नव्हता. पुढें लगेच एक कौलारू इमारत दिसली, तेव्हां ते नातवंडांकडे वळले, "ही शाळा. एकच गुरुजी, चार वर्ग. मी तपासणीस आलों, तर गुरुजी तापानें फणफणलेले आणि चौथीची मुलगी पहिलीस शिकवीत होती. तिला मीं पूर्ण गुण दिले." बाईनें उजवीकडे वळावयास सांगितलें, आम्ही वळलों, गोष्ट चालूंच राहिली. टेंभुर्णीपर्यंत मुलांनीं फोनकडे पाहिलें नाहीं.

पुण्यांत तोच उड्डाणपूल समोर आला. बाईनें वेळेवर सांगितलें, नानांनीं पडद्यावर बोट ठेवून दुजोरा दिला, आणि आम्ही खालच्या अंगानें निघून पांच मिनिटांत आक्काच्या दारांत उभे राहिलों. त्या रात्रीं हें यंत्र जवळ असतें तर, असें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. ज्या कुटुंबाचीं माणसें गांवोगांव पांगलीं आहेत, त्यानें यंत्र अवश्य घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. घेण्यापूर्वीं पुढें कोण बसणार, याचाहि विचार करावा.

आक्का दारांतच उभी होती. "लौकर आलांत! वाट सांपडली ना नीट?" तिनें विचारलें.

"न सांपडावयास काय झालें?" नाना काठी टेकीत उतरत म्हणाले, "विचारीत विचारीत आलों."