मांडीचं हाड

डोलवीत धरमतर खाडीच्या काठी पोलाद तयार होतं. एकदा थंड झालं की त्याचा स्वभाव ठरला. तिथूनच जवळ, पेणच्या खारपट्टीत भातलावणीला वाकलेल्या बाईच्या मांडीचं हाड मात्र जन्मभर घडतच असतं. शरीरातलं हे सर्वांत लांब हाड; मधे पोकळ, वर खुब्यापाशी तिरकी मान.

लहानपणी त्यात खनिज कमी, म्हणून ते लवचीक. पोर बांधावरून पडलं तर कधीकधी ते ओल्या फांदीसारखं एका अंगाने चिरतं, पण दोन तुकडे होत नाहीत. पुढे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंत खनिज भरत जातं. तिशीच्या आसपास ते ऐन भरात येतं. वजनाच्या मानाने ताकद पाहिली तर साध्या पोलादाच्या तोडीचं.

राबणाऱ्याचं ते ऐकतं. चालण्याने, ओझ्याने जिथे ताण पडतो तिथे भर घालतं. रोजच्या वापराने पडलेले बारीक तडे काही पेशी कोरून काढतात, दुसऱ्या तिथे नवं हाड भरतात. पोलादाला हे कधीच जमलं नाही.

झिऊपोस आणि करी या संशोधकांनी १९९८ साली मांडीच्या हाडाचे नमुने मोडून पाहिले. पस्तिशीनंतर दर दहा वर्षांना ताठपणा दोनेक टक्क्यांनी उतरतो, ताकद चारेक टक्क्यांनी. पण ते मोडायला लागणारी ऊर्जा जवळजवळ नऊ टक्क्यांनी. आपण ‘हाडं झिजली’ म्हणतो आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणतो. माझ्या मते मोठं नुकसान चिवटपणाचं आहे. वर्षानुवर्षं कोलॅजेनला साखर चिकटते, तंतू ताठरतात, आणि पूर्वी वाटेत अडणारा तडा सरळ आरपार जातो. त्यात पाळी गेल्यावर बाईच्या हाडात कोरणं वाढतं, भरणं मागे पडतं.

तरी ते हातपाय गाळत नाही. आतून पातळ होताना बाहेरून किंचित रुंदावतं, कारण रुंद नळी वाकवायला अवघड. या शहाणपणाचं मला अपार कौतुक वाटतं. खुब्याच्या मानेपाशी मात्र ते कमी पडतं: तिथली भिंत पातळ, आणि कुशीवर पडलं की मार तिथेच बसतो.

म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुतेक वेळा उभ्या जागेवरून पडल्यानेच. तेव्हा घरातल्या आजीला बसवून ठेवू नका, रोज चालू द्या. आणि न्हाणीघराच्या भिंतीला धरायला एक दांडा आजच बसवून घ्या.