पाऊल उचललं ती जागा

जमिनीवर लढणारा जवान कामी आला, तर बहुधा त्याचं कलेवर तरी घरी येतं. वैमानिकाच्या घरच्यांना पुष्कळदा तेवढंही लाभत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर सहा सेबर विमानं चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी आपलं नॅट विमान उडवलं आणि झुंज दिली. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. विमानाचे अवशेष एका दरीत सापडले. देह सापडला नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे याच युद्धात बेपत्ता झाले. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, वर्षानुवर्षं वाट पाहत राहिल्या. २००७ साली अशा बेपत्तांचे नातलग पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. हाती काही लागलं नाही.

माझ्या आत्याचे यजमानही त्याच डिसेंबरात शत्रूच्या हद्दीत विमानासह पडले. मी तेव्हा दोन वर्षांचा. बारा वर्षांनी वडीलधाऱ्यांनी पालाशविधीचा विषय काढला, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "पळसाच्या पानांचा माणूस करून मी कुणाला जाळू?" पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

२०२१ साली, युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, पंजाबातल्या त्यांच्या तळावरून बोलावणं आलं. आत्या त्र्याहत्तर वर्षांची. सोबत मी गेलो. पुष्पचक्र वाहणं, बिगुल, दोन मिनिटांची शांतता, सारं शिस्तीत झालं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. चहाच्या वेळी तिनं तळप्रमुखांना विचारलं, "इथून निघताना ते शेवटचं काय करत असतील?"

तेही क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आधी विमान ताब्यात घेतल्याची सही करायची. मग चालत विमानापर्यंत जायचं."

"चालत कुठून कुठं?"

त्यांनी गाडी मागवली आणि आम्हाला विमानं उभी करण्याच्या जुन्या जागेवर नेलं. काँक्रीटच्या भेगांत गवत उगवलं होतं. आत्या चपला काढून उभी राहिली. पदराच्या गाठीतले तीळ तिनं ओंजळीत घेतले, मी बाटलीतलं पाणी घातलं. पन्नास वर्षं राहिलेली तिलांजली तिथं दिली गेली. गाडी चालवणारा पोरगा टोपी काढून उभा होता. परतताना तिचं गाव बेळगाव म्हणून कळताच तो कन्नडमध्ये बोलू लागला. तो गोकाककडचा निघाला. आत्यानंही कन्नडमध्येच त्याच्या आईची चौकशी केली. सकाळपासून ती पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलत होती.

स्मारकं शहरांच्या चौकांत उभी राहतात, ती गावासाठी. घरच्यांना मात्र माणूस ज्या जमिनीवरून शेवटचा चालत गेला, ती जमीन हवी असते. आपल्या या दुभाषी मुलखातल्या कितीतरी घरांत हवाई दलाच्या गणवेशातला एखादा जुना फोटो भिंतीवर आहे. सांबऱ्याला शिकून दूरच्या तळांवर गेलेली मुलंही त्यांत आहेत. त्या घरांतल्या माणसांनी तळाला एक पत्र लिहावं, जमलं तर जाऊन यावं. वाट पाहणारी वडीलधारी माणसं आहेत, तोवरच.