नाशिकहून बाबांना दोन पत्रे

गंगापूर धरण, नाशिक
१२ मे

तीर्थरूप बाबा,


काल कसारा घाट चढून नाशिकला पोचलो. गाडी धरणाच्या काठी लावली आहे. आसपासच्या द्राक्षबागांत खरड छाटणीनंतरची नवी फूट वाढते आहे. राज्य सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आता आपल्यासारख्या राहत्या गाड्या रस्त्यावर नवलाच्या वाटत नाहीत.

रात्री दिवा, पंखा, छोटा फ्रिज, सारे मागच्या बॅटरीवर चालले. दिवा लावताना गेल्या दिवाळीची आठवण झाली. जूनपासून ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी सुरू करायला गेलो आणि नुसती टकटक झाली. इंजिनाची आणि मागची, दोन्ही बॅटऱ्या कामातून गेल्या होत्या. “वापरली नाही तरी संपली कशी?” या तुमच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उद्या इथल्या बॅटरीवाल्याला विचारतो.

पंचवटी, नाशिक
१४ मे

तीर्थरूप बाबा,

उत्तर मिळाले. द्वारका चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मीटर लावून समजावले. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, जीपीएस जागे असतात. त्यांनी ५० मिलिअँपिअर ओढले, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. म्हणजे १०० अँपिअर-अवरची बॅटरी तीन महिन्यांच्या आतच रिकामी होते. शिवाय काहीही जोडलेले नसले, तरी ती आतल्या आत थोडी उतरतेच, आणि उन्हाळ्यात जास्त वेगाने. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. मग ती पुन्हा पुरती भरत नाही. आपल्या बॅटऱ्या अशाच गेल्या.

या पावसाळ्यात गाडी तुमच्या हवाली आहे, म्हणून नीट लिहितो. शेडमध्ये लावली की दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. काढताना ती आधी, जोडताना शेवटी. टर्मिनलना व्हॅसलीन लावा. शेडखाली टपावरच्या सोलर पॅनलला ऊन मिळणार नाही, त्याच्यावर विसंबू नका.

दर महिन्याला मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४च्या खाली गेली तर थांबू नका, चार्जिंगला लावा. बॅटरी भरल्यावर आपोआप व्होल्टेज कमी करणारा चार्जर मी इथून आणतो आहे. चार्जिंग झाल्यावर लगेच मोजू नका. रात्रभर राहू द्या, मग खरा आकडा कळतो. पाणी कमी वाटले तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचे नको. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून शेडचे दार उघडे ठेवा आणि जवळ विडीकाडी किंवा उदबत्ती नको. अधूनमधून दहा मिनिटे इंजिन चालवले की पुरते, असे मी समजत होतो. तेवढ्याने बॅटरी भरत नाही.

आज रामकुंडावर बराच वेळ बसलो. २०१५च्या सिंहस्थाला आईला यायचे होते, गुडघ्यांमुळे राहून गेले. २०२७च्या सिंहस्थाला तिला याच गाडीतून आणायचे ठरवले आहे. गाडीतच झोपणे, गाडीतच चहा. तिला कुठे जिने चढावे लागणार नाहीत.

तेवढ्यासाठी, बाबा, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहा आणि मला कळवा.

आईला नमस्कार.

तुमचा,
दादू