अब्बांना लिहिता येतं, वाचता येत नाही

चारकोपात हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, मोतीबिंदू असेल, दाखवून घ्या. दाखवलंय. डोळे ठीक आहेत. मागच्या वर्षी अब्बांना स्ट्रोक आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला, अगदी मागे. बोलणं शाबूत, माणसं ओळखतात, बसचा नंबरही वाचतात. कागद दिला तर पत्ता बिनचूक लिहितात. पाच मिनिटांनी तोच कागद पुढे केला, तर विचारतात, ‘कुणी लिहिलंय?’

याला शुद्ध अलेक्सिया म्हणतात. 1892 साली पॅरिसमध्ये जूल देजेरीन या डॉक्टरांनी असाच रुग्ण नोंदवला. त्यालाही आकडे वाचता येत, शब्द नाही. मरणानंतर मेंदू तपासला, तेव्हा डावीकडचा पाहण्याचा भाग निकामी दिसला. उजवीकडच्या भागाने पाहिलेलं डावीकडच्या भाषेच्या भागापर्यंत नेणारा दुवाही तुटलेला होता. लिहिण्याची वाट वेगळी, म्हणून ती वाचली.

जपानमध्ये हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. तिथे एकाच वाक्यात दोन तऱ्हेची लिपी असते. कांजी म्हणजे अर्थ सांगणारी चित्रवजा अक्षरं, काना म्हणजे उच्चार सांगणारी. डाव्या टेम्पोरल भागाच्या मागच्या-खालच्या बाजूला इजा झाली तर कांजी जास्त बिघडते, अँग्युलर गायरसला झाली तर कानाचं वाचन. म्हणजे एकाच माणसाची अर्धी ओळ हरवते, अर्धी उरते.

आमच्या घरात दोन लिप्या. अब्बांच्या दोन्ही गेल्या, पण सारख्या नाही. मराठी अक्षर त्यांच्या तळहातावर बोटाने गिरवलं की ओळखतात. क, म, ळ... ‘कमळ!’ हात अजून लिहिणं जाणतो ना. उर्दूत अडतं. बे, पे, ते यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा, शब्दात जोडली की अक्षरांचं रूप बदलतं, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. एकेक अक्षर सुटं करून वाचणाऱ्याला ही लिपी फार छळते, असं माझं निरीक्षण. (यासीन मात्र पाठ आहे. कुरआन समोर उघडून बसतात, पानही उलटतात. नजर ओळीवर नसते.)

आता अडचण सांगतो. अम्मीची पत्रं. अब्बा नोकरीसाठी मुंबईत होते तेव्हा तिने गावाहून लिहिलेली, सगळी उर्दूत. ती गेल्यावर घरात उर्दू वाचणारे एकटे अब्बा उरले. आम्ही भावंडं मराठी शाळेत शिकलो. बाहेरच्या कुणाकडून वाचून घेऊ म्हटलं, तर अब्बांनी डबा उशाखाली ओढला.

म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी उर्दूचा कायदा आणला. पत्रातलं एकेक अक्षर सुटं करून मी त्यांच्या तळहातावर गिरवतो, ते शब्द जुळवतात. माझं अक्षर चुकलं की हात झटकतात. तासाभरात दीड ओळ होते. परवा ‘बारिश’ लागला. पुढच्या शब्दावर दोन दिवस अडलोय, तिथे शाई फुटलीये.